छत्तीसपैकी किती?

लग्न जुळवताना पत्रिका बघतात ना, छत्तीसपैकी किती गुण जुळले ते? अठराच्या वर गेले की मंडळी निर्धास्त, खाली राहिले की चेहरे पडलेले. मुलगा काय करतो, मुलगी कशी आहे, दोघांचं एकमेकांशी पटेल का, हे प्रश्न मागाहून. आपल्याकडच्या विज्ञानसंस्थांतही बरीच वर्षं अशीच पत्रिका बघायची पद्धत पडली आहे. पेपर किती छापले? कुठल्या जर्नलमध्ये? इम्पॅक्ट फॅक्टर काय? सायटेशन किती? एच-इंडेक्स किती? आकडा चांगला निघाला की पुढचं बोलणं.

ज्यांचा या प्रांताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमच्या शोधनिबंधाचा उल्लेख दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात, शेवटच्या संदर्भांच्या यादीत केला, की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. जर्नलमध्ये मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, तो त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर. आणि तुमच्या निबंधांपैकी दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन असतील तर तुमचा एच-इंडेक्स दहा. हा शेवटचा आकडा हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढला आणि वर्षा-दोन वर्षांत तो जगभर शास्त्रज्ञांच्या बायोडाटात जाऊन बसला. साधा, सुटसुटीत, एका अंकात माणूस!

मी शास्त्रज्ञ नाही. रसायनांच्या धंद्यात नोकरी केली, त्या निमित्ताने अशा संस्थांतल्या माणसांशी संबंध आला आणि अजून आहे. त्यामुळे हा विषय मला लांबचा वाटत नाही. आणि खरं म्हणजे तो कुणालाच लांबचा वाटू नये, कारण यातला बराचसा खर्च तुमच्या-माझ्या करातून होतो.

उदाहरण म्हणून सीएसआयआर घेऊ या, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. बऱ्याच लोकांना ती फक्त नेट परीक्षेमुळे ठाऊक असते. पण पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची एनसीएल ही तिची, गोव्यात दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था तिची, नागपूरची नीरीही तिचीच. १९४२ साली, महायुद्ध चालू असताना ती सुरू झाली आणि शांतिस्वरूप भटनागर तिचे पहिले प्रमुख झाले. आज देशभरात तिच्या ३७ प्रयोगशाळा आहेत. कुठे विमानं, कुठे औषधं, कुठे चामडं, कुठे रस्ते, कुठे मीठ.

२०१४ च्या स्किमागो नावाच्या जागतिक क्रमवारीत ४,८५१ संस्थांमध्ये सीएसआयआरचा नंबर ८४ वा आला. पहिल्या शंभरात भारतातली ती एकटीच. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, संस्थेने आपल्या ओळखीत ही ओळ घालून घेतली. मलाही वाचून बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. पण मग त्या यादीत वर कोण आहे ते पाहिलं, तर चीनची विज्ञान अकादमी आणि फ्रान्सची सीएनआरएस. म्हणजे अशाच, डझनावारी प्रयोगशाळा पोटात घेतलेल्या महाकाय संस्था. तिथे सगळ्यात मोठं वजन निबंधांच्या एकूण संख्येचं पडतं. तेव्हाच्या ३८ प्रयोगशाळांची बेरीज एका पारड्यात आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं एकच आवार दुसऱ्या पारड्यात, असं हे तोलणं. एकत्र कुटुंबात धान्य जास्त शिजतं हे सांगायला क्रमवारी कशाला हवी? दर माणशी किती, दर रुपयामागे किती, हे विचारलं तर यादी वेगळी लागेल. आणि ३७ घरांपैकी कुठल्या घरात चूल पेटलेली आहे आणि कुठलं घर नुसतंच पंगतीला बसतं, ते तर या बेरजेतून मुळीच कळत नाही.

मोजणी तरी नीट होते का? वरवर पाहता किती सोपं काम! निबंधावरचा पत्ता बघायचा आणि खात्यात जमा करायचा. पण एक जण लिहितो ‘नॅशनल केमिकल लॅबोरेटरी, पुणे’, दुसरा लिहितो ‘एनसीएल’, तिसरा विभागाचं नाव आधी टाकतो, आणि सीएसआयआर हे नाव कुणीच लिहीत नाही. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार, की ही सगळी एकाच घरची माणसं? पुढे प्रत्येक प्रयोगशाळेच्या नावाआधी ‘सीएसआयआर’ लावायची पद्धत आली. आडनाव लावल्यावर मोजणी सोपी झाली. मग संसदेच्या कायद्याने याच प्रयोगशाळांमधून पदव्या देणारी ॲकसिर नावाची अकादमी उभी राहिली. विद्यार्थी निबंधावर आता दोन्ही पत्ते घालतात. क्रमवाऱ्यांत ॲकसिर हे वेगळं विद्यापीठ म्हणून येतं. टेबल तेच, माणूस तोच, निबंध तोच, पण जमा दोन खात्यांत. यात कुणी लबाडी करतं असं मी म्हणत नाही. बेरीज म्हणजे काय असते तेवढं दाखवतो आहे.

ही सगळी यंत्रणा ज्याने उभी केली त्या युजीन गारफिल्डचा हेतू काय होता, हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची निघत असे. एखाद्या निकालाचा आधार पुढे कुठल्या निकालांत घेतला गेला, ते तिच्यात असायचं. म्हणजे जुना निकाल अजून टिकून आहे की नाही ते वकिलाला बघता येई. गारफिल्डने १९५५ साली ‘सायन्स’मध्ये लिहिलं, की विज्ञानासाठीही अशी सूची हवी. एखादा निबंध हाती आला, तर त्याच्यावर पुढे कुणी काय काम केलं, कुणी त्याची चूक काढली, ते शोधता यावं म्हणून. १९६० च्या दशकात ती सूची निघू लागली. इम्पॅक्ट फॅक्टर त्यानंतरचा, आणि ग्रंथालयांना कुठली जर्नल घ्यावीत ते ठरवायला तो उपयोगी पडला. म्हणजे मुळात हा गावाचा नकाशा. पुढच्या लोकांनी त्याची मार्कशीट केली.

मार्कशीट म्हणून तो कसा फसवतो त्याचे दोन मासले. जगातला सर्वांत जास्त उल्लेख झालेला शोधनिबंध कुठला असेल? डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा? छे, तो तर पहिल्या शंभरातही नाही. पहिला नंबर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचा. द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची रीत त्यात सांगितली आहे. २०१४ पर्यंत त्याला तीन लाखांवर सायटेशन मिळाली होती. उपयोगी काम, नाही कोण म्हणतो! प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाला लागणारं. पण स्वतः लाउरीही त्याला आपलं थोर काम मानत नसे. दुसरा मासला स्फटिकशास्त्राच्या एका जुन्या, शांत जर्नलचा. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास असायचा, तो २००९ सालासाठी एकदम पन्नासच्या जवळ गेला! झालं काय, तर २००८ मध्ये शेल्ड्रिक या शास्त्रज्ञाने आपल्या संगणक प्रणालीचा इतिहास तिथे छापला, आणि ती प्रणाली वापरणारा जो तो त्याचा उल्लेख करू लागला. त्या एका निबंधाने बाकी सगळ्यांची सरासरी उचलून धरली. शेजारच्या पानावर छापून आलेल्यांनाही त्या वर्षी ‘पन्नासवाले’ म्हणून मिरवता आलं असतं.

सरासरीचा हा दोष शाळेतल्या मुलालाही कळतो. दहा निबंधांपैकी नऊ निबंधांना दोन-दोन सायटेशन, दहाव्याला १८२. सरासरी आली वीस. आता वीसचा निबंध यातला कुठला, दाखवा बरं! तरी सीएसआयआरच्या वार्षिक अहवालांतून निबंध किती आणि त्यांचा सरासरी इम्पॅक्ट फॅक्टर किती, हे आकडे वर्षानुवर्षं छापले गेले. ही तर सरासरीची सरासरी. आणि तीही निबंधांची नाही, ते ज्या जर्नलमध्ये छापले त्यांची. कुठल्या हॉटेलात जेवलो ते सांगितलं, काय खाल्लं ते राहिलंच.

पण माझी मुख्य तक्रार या गणिताबद्दल नाही. गणित सुधारता येतं. विषयाप्रमाणे फरक करून मोजता येतं, कारण गणितज्ञांच्या संदर्भयाद्या छोट्या असतात आणि जीवशास्त्रज्ञांच्या लांबलचक. लेखक पुष्कळ असले तर श्रेय वाटून देता येतं. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते, त्यांना प्रत्येकी पूर्ण मार्क द्यायचे म्हणजे गंमतच. हे सगळे उपाय जाणकारांनी शोधलेले आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. सायटेशन मोजून एका प्रश्नाचं उत्तर मिळतं: या कामाबद्दल इतर शास्त्रज्ञांनी आपल्या लिखाणात किती वेळा बोललं? हा प्रश्न चांगलाच आहे, पण सीएसआयआर निघाली ती याच प्रश्नासाठी का? तिच्या नावातच ‘औद्योगिक’ हा शब्द आहे.

मतदान करून आल्यावर आपलं डाव्या हाताचं बोट बघा. ती शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने निवडणूक आयोगासाठी तयार केली. १९६२ च्या निवडणुकीपासून ती वापरात आहे, म्हैसूरच्या सरकारी रंगकारखान्यात बनते, परदेशांतही जाते. तिची कृती गुप्त ठेवलेली आहे. जी गोष्ट गुप्त ठेवायची, तिच्यावर निबंध कोण छापणार आणि उल्लेख कोण करणार? कोट्यवधी बोटांवर उमटलेलं हे काम सायटेशनच्या वहीत शून्य. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांची पावडर करायची रीत म्हैसूरच्या अन्नतंत्र संस्थेने बसवली, तिच्यावर अमूलने बालआहार काढला. लखनौच्या औषध संस्थेतून ‘सहेली’ ही संप्रेरकरहित गर्भनिरोधक गोळी आली, ती १९९१ पासून बाजारात आहे. अशा कामांवर निबंध झालेच नाहीत असं नाही. पण त्या निबंधांची सायटेशन मोजून या कामांची उंची सांगायला कुणी बसलं, तर त्याला काय म्हणावं?

गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचं उदाहरण तर दोन्ही बाजूंनी बोलकं आहे. १९८१ च्या जानेवारीत तिच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळातून धातूंचे गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेले हे बटाट्याएवढे खडे. त्या सर्वेक्षणाच्या जोरावर १९८७ मध्ये भारताला समुद्रतळावर दीड लाख चौरस किलोमीटरचा टापू शोधासाठी मिळाला. पुढे त्यातला ७५,००० आपण राखला. आता हे यश किती सायटेशनचं? दुसरीकडे, याच संस्थेतल्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, की आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात प्राणवायू कमी होतो आहे आणि त्यामुळे नायट्रस ऑक्साइड हा वायू वाढतो आहे. या निबंधाचा जगभर उल्लेख झाला, आणि व्हायलाच हवा होता. एकाच छपराखाली दोन्ही कामं, आणि मोजपट्टी मात्र दुसऱ्याच कामाला लागते.

एनसीएलचंही तसंच. १९९० मध्ये तिथल्या नाडगौडा, पारशरामी आणि मास्करेन्हस यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या बांबूला बाटलीतच फुलं आणता येतात. ज्या बांबूला फुलं यायला माणसाचं अर्धं आयुष्य लागतं त्याला! जगभर बातम्या झाल्या. पुढे २००४ मध्ये मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून सोन्याचांदीचे नॅनोकण करून दाखवले, त्या निबंधाला हजारोंनी सायटेशन मिळाली. दोन्ही कामं अस्सल. पण नॅनोकणांवर त्या वर्षांत जगातले हजारो लोक काम करत होते, बांबूच्या फुलांवर मूठभर. ज्या गल्लीत वर्दळ, तिथल्या दुकानाचं नाव जास्त लोकांच्या तोंडी. त्यावरून मालाची परीक्षा करायची नसते.

आणि इथेच खरं नुकसान सुरू होतं. माझा एक भाचा पीएचडी करत होता. संस्थेचं नाव नको. विदर्भातल्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड हा त्याच्या डोक्यातला विषय. यवतमाळ-चंद्रपूरकडे कित्येक गावांत मुलांचे दात पिवळे पडतात, मोठ्यांची हाडं आखडतात, ते त्याने लहानपणी पाहिलेलं. मार्गदर्शकांनी शांतपणे समजावलं, की यात दोन वर्षं गावोगाव बाटल्या घेऊन फिरशील, हाती एक-दोन निबंध येतील, तेही भारतीय जर्नलमध्ये, आणि मग पोस्ट-डॉकला कोण घेणार तुला? त्याने नवा चकचकीत पदार्थ घेतला, जो प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात मिसळलेलं फ्लोराइड शोषून घेतो. सहा निबंध झाले. मी विचारलं, “अरे, मग तो पदार्थ विहिरीला लावून बघितला का कुणी?” म्हणाला, “मामा, त्याचा पेपर होत नाही.” मार्गदर्शकांनी वाईट सल्ला दिला असं मला वाटत नाही. मुलाचं भलंच बघितलं त्यांनी.

आकड्याला बक्षीस लावलं की आकडा वाढतो, एवढंच आपण खात्रीने सांगू शकतो. सीएसआयआरने हे पेटंटांच्या बाबतीत एकदा करून पाहिलेलं आहे. १९९५ मध्ये डॉ. माशेलकर महासंचालक झाले. आपल्याच गोव्यातल्या माशेलचा हा माणूस, एनसीएलमधून दिल्लीला गेलेला. ‘पब्लिश ऑर पेरिश’च्या जागी त्यांनी पेटंट, पब्लिश, प्रॉस्पर असा मंत्र दिला. त्या काळात तो योग्यच होता, कारण आपल्या शास्त्रज्ञांना पेटंट म्हणजे काय याचाच पत्ता नव्हता, आणि हळदीवरचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये सीएसआयआरनेच लढून रद्द करून घेतलं. अमेरिकन पेटंटांची संख्या भराभर वाढली. पण २०१६ मध्ये तेव्हाचे महासंचालक गिरीश साहनी यांनीच म्हटलं, की यातली बरीचशी नुसती ‘बायोडाटा पेटंट’ आहेत! शब्द किती नेमका. निबंध छापून फार तर कागद वाया जातो, पण पेटंट टिकवायला ठरावीक काळाने पैसे भरावे लागतात, त्यामुळे तिथे हिशेब लवकर उघडा पडला.

विद्यापीठांत तर कहरच झाला. २००९ मध्ये पीएचडीआधी एक निबंध सक्तीचा झाला, २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला गुण लावले गेले, आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलांचं पीक आलं. २०२२ मध्ये पीएचडीची सक्ती काढली. मधल्या तेरा वर्षांचा पाचोळा आहेच.

आता कुणी म्हणेल, मग मोजूच नका. नाही हो, हे मला मान्य नाही. मोजणी यायच्या आधी काय होतं? साहेबांची मर्जी. बढत्या, पुरस्कार, परदेशवाऱ्या सगळं दिल्लीतल्या चार खुर्च्यांभोवती. तिथे सायटेशनने कधीकधी न्यायही केला आहे. हे उदाहरण सीएसआयआरचं नाही, कलकत्त्याचं आहे. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली कॉलऱ्याचे जंतू एक विष सोडतात हे सिद्ध केलं. जलसंजीवनीने कॉलरा आटोक्यात आणण्यामागची समज या कामाने पक्की झाली. देशात त्यांना मानाचं पान मिळालं नाही, आपल्या विज्ञान अकादम्यांनी त्यांना सदस्यही केलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर सविस्तर लेख लिहिला तो युजीन गारफिल्डने, आपल्या सूचीतून कॉलऱ्याच्या संशोधनाचा नकाशा काढून. डे यांचं काम सुरुवातीला कसं दुर्लक्षित राहिलं आणि मग सगळ्या वाटा त्यांच्याकडे कशा जाऊन मिळतात, ते त्याने दाखवलं. पण त्याने नुसता आकडा सांगितला नाही, निबंध वाचले, माणसांना विचारलं आणि मग लिहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की सीएसआयआरची बेरीज छापायचीच असेल तर प्रयोगशाळेगणिक छापा आणि सरासरीऐवजी मधला निबंध कुठे पडतो ते सांगा. त्याच्याशेजारी दरवर्षी प्रत्येक प्रयोगशाळेने पाच कामं साध्या भाषेत लिहून द्यावीत: काय केलं, कुणी वापरलं, किती वर्षं लागली. पाच वर्षांनी त्याच त्या पाच कामांचं पुढे काय झालं तेही छापावं. बढतीच्या वेळी समितीने उमेदवाराचे तीन निबंध खरोखर वाचावेत. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जाहीरनामा निघाला, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका म्हणून. जगभरच्या संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सही करायला वेळ लागत नाही, वाचायला लागतो. समितीचा एक सदस्य मला एकदा हसत म्हणाला होता, “दोनशे अर्ज आणि एक दुपार, वाचणार कधी?”

तर मग दुपारी वाढवा की!